रत्नागिरीच्या तिसऱ्या लातूरला येतात तेव्हा: तापणारा समुद्र, जिवाणू आणि आपलं पातेलं

लातूरच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भाऊ रत्नागिरीला नोकरीला आहे. महिन्या-दोन महिन्यांतून तो थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून तिसऱ्या आणि कालवं हे समुद्री शिंपले रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवतो. डबा सकाळी हातात येतो, वाळू सुटावी म्हणून माल दिवसभर हळद-मिठाच्या पाण्यात ठेवतात आणि रात्री रस्सा होतो. समुद्र तापल्यामुळे शिंपल्यांमध्ये घातक जिवाणू वाढलेत असं त्यांच्या वाचनात आलं. वडील सत्तरीचे, मधुमेह आहे, जुन्या ‘ब’ काविळीमुळे लिव्हर कमजोर आहे. तर हे खाणं बंद करावं का? फ्रीजरमध्ये ठेवून किंवा लिंबू चोळून जिवाणू मरतात का?

ताई, तुम्ही समुद्राबद्दल विचारलंय आणि ते रास्तच आहे. पण तुमच्या घरापुरता खरा प्रश्न रत्नागिरीच्या खडकापासून तुमच्या पातेल्यापर्यंतच्या चोवीस तासांचा आहे. त्यातही सर्वांत नडणारे तास कोणते, तर हळदीच्या पाण्यातले. त्या पाण्याकडे मी पुढे येतोच.

आधी या जिवाणूंची ओळख करून घेऊ. व्हिब्रिओ हे एका कुळाचं नाव आहे. त्यातला कॉलऱ्याचा जंतू सगळ्यांना ठाऊक आहे. शिंपल्यांच्या बाबतीत त्याचे दोन भाऊबंद महत्त्वाचे. पहिला पॅराहिमोलायटिकस. त्याने पोटात मुरडा येऊन पाण्यासारखे जुलाब होतात, बहुतेक जण तीनेक दिवसांत बरे होतात. दुसरा वल्निफिकस. तो क्वचितच गाठतो, पण गाठला तर रक्तात शिरू शकतो आणि साधारण पाचातला एक रुग्ण दगावतो. हे दोघेही सांडपाण्यातून येत नाहीत, ते मुळातच समुद्राचे आणि खाड्यांचे रहिवासी आहेत. त्यामुळे ‘आमच्याकडची खाडी स्वच्छ आहे’ या भरवशाला इथे अर्थ नाही. तिसरी असो की कालव, हे जीव पाणी गाळून जगतात. मोठं कालव अनुकूल पाण्यात दिवसाला शंभराहून जास्त लिटर पाणी गाळू शकतं. पाण्यात विरळ असलेले जिवाणू असे त्याच्या मांसात साठत जातात. आपण मासा पोट साफ करून खातो, शिंपला मात्र आतड्यासकट खातो. मासा आणि शिंपला यांच्या धोक्यात फरक पडतो तो इथे.

आता तापणाऱ्या समुद्राबद्दल. या जिवाणूंना साधारण १५ अंश सेल्सिअसच्या वरचं पाणी मानवतं आणि २० च्या पुढे ते जोमाने वाढतात. म्हणूनच थंड देशांत हा विषय गाजतो आहे. २००४ च्या जुलैमध्ये अलास्कातली कच्ची कालवं खाऊन जहाजावरचे पर्यटक आजारी पडले. तिथलं पाणी इतकं थंड की हा आजार तिथे होईल असं कुणी धरलंच नव्हतं, पण त्या उन्हाळ्यात कालवांच्या शेतातलं पाणी १५ अंशांच्या वर गेलं होतं. २०१४ च्या उष्णतेच्या लाटेत स्वीडन आणि फिनलंडच्या किनाऱ्यांवर हेच दिसलं. त्या देशांसाठी ही नवी आपत्ती आहे.

कोकणची गोष्ट वेगळी. आपल्या किनाऱ्याचं पाणी ऐन थंडीतही २५ अंशांच्या खाली फारसं जात नाही. म्हणजे जो उंबरठा अलास्काने २००४ साली ओलांडला, त्याच्या पलीकडे आपण कायमच आहोत. हे जिवाणू आपल्याकडे बारमाही आहेत. जगभर पसरलेला पॅराहिमोलायटिकसचा एक उपद्रवी वाण पहिल्यांदा ठळकपणे लक्षात आला तोही कोलकात्यात, १९९६ साली. मग आपल्याकडे याचा एवढा गाजावाजा का नाही? एक कारण असं की आपण शिंपले कच्चे खात नाही, आणि परदेशातले बरेच रुग्ण कच्च्या कालवांमुळे आजारी पडतात. दुसरं कारण असं की आपल्याकडे जुलाब झालेल्या माणसाची शौच-तपासणी या जिवाणूसाठी सहसा होतच नाही. ‘बाहेरचं खाल्लं असेल’ म्हणून विषय संपतो.

म्हणून आपल्याला काळजी नाही असं मात्र मी म्हणणार नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने २०२० साली आलेल्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात उष्ण कटिबंधातला हिंदी महासागर सरासरी सुमारे १ अंशाने तापला. जगातल्या समुद्रांची सरासरी याच काळात ०.७ अंश होती. आधीच गरम असलेल्या पाण्यात अशी भर पडली की जिवाणूंना जोमाने वाढायला मिळणारे दिवस वाढतात. शिवाय एका दिवसात धो धो पाऊस कोसळला की खाडीचं पाणी निमखारं होतं, आणि वल्निफिकसला नेमकं तसंच पाणी आवडतं. त्याच पुराबरोबर गावाचं सांडपाणीही खाडीत उतरतं, म्हणजे व्हिब्रिओच्या जोडीला काविळीचे आणि जुलाबाचे विषाणू. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की मोठ्या पावसानंतरचे दोन-तीन आठवडे खाडीतला शिंपला मागवूच नये. भावाला एवढं एक वाक्य सांगितलं तरी बरंच काम होईल.

आता ते चोवीस तास. अमेरिकेत जिवंत कालवांवर झालेला एक प्रयोग आमच्या क्षेत्रात नेहमी हाताशी धरला जातो. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. काढलेली कालवं २६ अंशांत नुसती ठेवली, तर पॅराहिमोलायटिकस दहा तासांत ५० पट झाला आणि चोवीस तासांत ७९० पट. तीच कालवं ३ अंशांत ठेवली, तेव्हा दोन आठवड्यांत संख्या वाढण्याऐवजी कमी झाली. आकडा नीट बघा. खडकावरून काढताना एका ग्रॅममध्ये समजा १०० जिवाणू होते. थंडावा नसेल तर बस लातूरला पोचेपर्यंत ते पाच हजारांच्या घरात जातात आणि रात्रीच्या जेवणापर्यंत ऐंशी हजारांच्या आसपास. हा प्रयोग २६ अंशांचा होता. एप्रिलमध्ये लातूरच्या स्वयंपाकघरात दुपारी ३५-३६ अंश सहज असतात. समुद्र एका अंशाने तापल्यामुळे सुरुवातीच्या शंभरात काही भर पडेल, पण शेकडो पटींची वाढ होते ती वाटेत आणि घरात. सगळेच वाण आजार देणारे नसतात, विष तयार करणारे त्यातले थोडेच असतात, हेही खरं. पण एकूण संख्या शेकडो पटींनी वाढली की त्या थोड्यांचीही तितकीच वाढलेली असते.

तर हळदीचं पाणी. वाळू सुटायला शिंपला जिवंत हवा आणि पाणी समुद्रासारखं खारट हवं, म्हणजे लिटरला ३० ते ३५ ग्रॅम मीठ, चांगले दोन मोठे चमचे. नळाच्या गोड पाण्यात तो तोंड मिटून बसतो किंवा मरतो, वाळू आतच राहते. दिवसभर कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवलेले शिंपले श्वास कोंडून एकेक करून मरतात आणि मेलेल्याच्या मांसात जिवाणूंना मोकळं रान मिळतं. हळदीने यात काही फरक पडत नाही. मुळात हा जिवाणू पाण्यात ठेवून निघत नाही. परदेशात कालवं स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत ठेवून शुद्ध करतात, त्यात सांडपाण्याचे जंतू बरेचसे निघून जातात, पण व्हिब्रिओ आतड्याला चिकटून राहतो. तेव्हा वाळू काढायचीच असेल तर ती रत्नागिरीतच, त्याच समुद्राच्या पाण्यात, दोन-तीन तास सावलीत काढून घ्यावी. लातूरला डबा उघडल्यावर ब्रशने शिंपा घासायच्या, वाहत्या पाण्याखाली धुवायच्या आणि पातेलं चुलीवर चढवायचं. त्याच दिवशी सकाळी शिजवा, रात्री नुसतं गरम करा. उरलेला रस्सा मात्र थंड होताच फ्रीजमध्ये गेला पाहिजे.

पाठवण्याची पद्धत भावाला समजावून सांगा. ओहोटीला खडकावर उघडी पडलेली कालवं उन्हात तापतात आणि जिवाणू तिथूनच वाढायला लागतात. म्हणून पहाटेच्या ओहोटीचा माल घ्यावा आणि तासाभरात थंड करायला घ्यावा. बर्फ किती, यात बहुतेकांचा अंदाज चुकतो. पाच किलो माल ३२ अंशांवरून खाली आणण्यातच दीड किलोपर्यंत बर्फ वितळतो. पुढे इंचभर जाडीच्या मध्यम थर्माकोलच्या डब्यातून जी उष्णता आत शिरते, ती तासाला साधारण तीनशे ग्रॅम बर्फ खाते. डबा बसच्या डिकीत, इंजिनाजवळ असेल तर जास्त. बारा तासांचा हिशोब पाच किलोच्या पुढे जातो. वरून दोन मुठी बर्फ भुरभुरवला की डबा मध्यरात्री कोमट झालाच म्हणून समजा. मालाइतका बर्फ हवाच, उन्हाळ्यात दीडपट.

पण शिंपला बर्फाच्या पाण्यात बुडता कामा नये, गोड पाण्यात तो मरतो. ट्रॅव्हल्सवाले गळणारा डबा घेत नाहीत, त्यामुळे भोक पाडून पाणी काढायचीही सोय नसते. यावर सोपा उपाय म्हणजे एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या, पाऊण भरून, आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये दगडासारख्या गोठवलेल्या. तळाला आणि बाजूंनी बाटल्या, त्यावर ओलं गोणपाट, त्यावर माल, पुन्हा गोणपाट आणि वर बाटल्या. झाकणाच्या फटीला चिकटपट्टी. प्लास्टिकच्या पिशवीत माल घट्ट बांधू नये, गुदमरतो.

डबा उघडल्यावर पहिली खूण बाटल्यांची. प्रत्येक बाटलीत बर्फाचा गड्डा शिल्लक असेल तर प्रवास ठीक झाला. नुसतं पाणी खळखळत असेल तर कालवं सरळ टाकून द्या, जीव कितीही तुटला तरी. दुसरी खूण शिंपल्याची. उघड्या शिंपल्यावर चमच्याने टकटक करा. जिवंत असेल तर तो मिनिटभरात तोंड मिटतो, नाही मिटलं तर बाजूला काढा. चीर गेलेले, फुटलेलेही काढा. वासावर मात्र विसंबू नका. वास येतो तो सडवणाऱ्या जिवाणूंमुळे. व्हिब्रिओने भरलेलं कालव दिसायला, वासाला आणि चवीला अगदी ताजं असू शकतं.

याहून चांगला मार्ग आहे आणि तुमच्या घरासाठी मी तोच सुचवेन. भावाने माल रत्नागिरीतच उकडावा, मांस काढून लहान पिशव्यांत चपटं पसरून गोठवावं आणि गोठलेल्या बाटल्यांबरोबर ते पाठवावं. जिवाणू प्रवास सुरू होण्याआधीच मेलेला असतो, शिंपांचं वजन वाचतं, तेवढ्याच डब्यात कितीतरी जास्त मांस बसतं. उकडलेलं मांस काढताना मात्र कच्च्या मालाचं ताट, सुरी आणि हात त्याला लागता कामा नयेत, नाहीतर केलेलं पाण्यात जातं. लातूरला आल्यावर ते रश्शात घालून पाच मिनिटं खळखळ उकळावं. चवीत थोडा फरक पडतो हे मान्य. ताज्या शिंपल्याचं जे पाणी रश्शाला गोडी देतं ते हवं असेल, तर उकडतानाचं पाणी गाळून वेगळं गोठवून पाठवता येतं.

जिवंत मालच शिजवायचा असेल तर एक गैरसमज आधी दूर करा. ‘शिंपला उघडला म्हणजे शिजला’ असं सगळीकडे सांगतात. शिंपला उघडतो कारण दोन्ही शिंपा धरून ठेवणारा स्नायू उष्णतेने सुटतो. आतलं मांस तेव्हा अर्धंकच्चं असू शकतं. शिंपा उघडल्यावर पुढे तीन ते पाच मिनिटं उकळी चालू ठेवायची, हा नियम. वाफेवर करत असाल तर वेळ वाढवा, चार ते नऊ मिनिटं. सोललेली कालवं उकळत्या रश्शात किमान तीन मिनिटं. तळायची असतील तर तेल १९० अंशांच्या आसपास कडकडीत हवं आणि वेळ निदान तीन मिनिटं. बाहेरचा रवा लाल झाला म्हणजे आतलं झालं असं नाही. व्हिब्रिओ स्वतः नाजूक आहे, ६०-६५ अंशांत लवकर मरतो. मग इतका वेळ का? कारण सांडपाण्यातून आलेला ‘अ’ काविळीचा विषाणू चिवट असतो. त्याच्यासाठी मांसाच्या मध्यापर्यंत ९० अंश दीड मिनिट टिकावे लागतात. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच, इथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. त्याने या हिशोबात काही बिघडत नाही.

चूक होते ती गर्दीने. पाहुणे आले की दोन-तीन किलो शिंपले एकाच पातेल्यात, तळाला वाटीभर पाणी. खालचे उकळतात, वरच्यांना नुसती वाफ लागते आणि तेही तोंड उघडतात. दोन घाण्यांत करा, मधून ढवळून खालचे वर आणा. मसाला कोकणी असो की आपला येसर, तो नंतर. आधी शिंपला नुसत्या पाण्यात शिजू द्या, म्हणजे वेळ मोजता येते.

लिंबू, कोकम, मिरची, दारू यांपैकी कशानेही मांसाच्या आतला जिवाणू मरत नाही. फ्रीजरमध्ये काही मरतात, बरेच नुसते थांबतात आणि बर्फ सुटला की पुन्हा सुरू होतात. फ्रीज ४ अंशांवर असेल तर वाढ थांबते, पण उन्हाळ्यात लाइट चार-चार तास जाते तिथे फ्रीजचं ४ अंश कागदावरच राहतं. आत एक साधा थर्मामीटर ठेवा, फार महाग नसतो. जिवंत शिंपले एका दिवसापेक्षा जास्त ठेवूच नका.

आणि हात. वल्निफिकस पोटातून शिरतो तसा जखमेतूनही शिरतो. कालवाची शिंप पात्यासारखी धारदार असते, सोलताना हमखास कापतं. जाड हातमोजे घाला. कापलं तर साबणाने धुवा आणि ती जागा पुढचे दोन दिवस बघत राहा. शिंपले धुतलेलं पाणी कोथिंबीर किंवा कांद्यावर उडू देऊ नका, कारण कांदा-लिंबू आपण कच्चंच खातो. विळी, पाट, मोरी साबणाने धुवून उन्हात कोरडी करा. हा जिवाणू कोरडेपणात टिकत नाही आणि मराठवाड्यात उन्हाला तोटा नाही. मांजरा किंवा जायकवाडीच्या राहू-कटल्याला हा धोका जवळपास नाही, कारण या दोन्ही जिवाणूंना मीठ लागतं. पण विक्रेत्याने एकाच फळीवर कोळंबी आणि राहू दोन्ही कापले तर तो राहूवरही येतो.

तुमच्या वडिलांबद्दल मी कडक बोलणार आहे. मधुमेह, वय आणि त्यावर लिव्हरचा आजार, म्हणजे वल्निफिकस ज्यांना मारतो त्यांच्या यादीत ते वरच्या ओळीत बसतात. लिव्हर खराब असलं की रक्तात लोह जास्त मोकळं राहतं आणि रक्तात शिरलेले जिवाणू गाळणारी चाळणीही ढिली पडते. या जिवाणूला लोह भारी आवडतं. थॅलेसेमियाचे, डायलिसिसवरचे, केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असलेले रुग्ण, आणि रोज ॲसिडिटीची गोळी घेणारेही याच गटात येतात, कारण पोटातलं ॲसिड हा पहिला पहारा असतो. वडिलांनी कच्च्या मालाला हात लावू नये. कालवं त्यांच्यासाठी बंदच ठेवा. रत्नागिरीत उकडून आलेल्या तिसऱ्या, पुन्हा पाच मिनिटं उकळून, खायला माझी हरकत नाही. पण लिव्हरचा आजार सिरोसिसपर्यंत गेला असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. ते उत्तर त्यांचे रिपोर्ट बघूनच देता येतं.

एक धोका शिजवूनही जात नाही, तो सांगायला हवा. समुद्रात काही सूक्ष्म शेवाळांची लाट येते तेव्हा त्यांचं विष शिंपल्यात साठतं आणि उकळीने ते नष्ट होत नाही. ओठ-जिभेला मुंग्या, मग हातपाय लुळे पडणं, ही त्याची लक्षणं. पाण्याचा रंग बदललाय किंवा मासे मरून किनाऱ्याला लागलेत असं भावाच्या कानावर आलं, तर तिथला शिंपला त्या काळात घ्यायचाच नाही.

शेवटी, आजारी पडलंच तर. खाल्ल्यावर साधारण बारा ते चोवीस तासांत जुलाब, मुरडा, उलट्या सुरू झाल्या तर ओआरएस द्या, धडधाकट माणूस सावरतो. रक्त पडलं, ताप चढला किंवा तीन दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टर. वडिलांच्या बाबतीत मात्र वाटच बघू नका. शिंपले खाल्ल्यापासून तीन दिवसांच्या आत थंडी वाजून ताप, चक्कर, पायावर लाल-जांभळे डाग किंवा रक्ताळलेले फोड दिसले, तर रात्र असो की दिवस, थेट मोठ्या दवाखान्यात न्या. दारातच सांगा: ‘समुद्राचे शिंपले खाल्लेत, लिव्हरचा आजार आहे.’ इथे समुद्र चारशे किलोमीटरवर आहे, डॉक्टरांच्या मनात हा जिवाणू आपसूक येणार नाही. तुमच्या या एका वाक्यावरून योग्य अँटिबायोटिक तासाभरात सुरू होऊ शकतं. नमुना लॅबला जात असेल तर चिठ्ठीवर ‘व्हिब्रिओचा संशय’ असं लिहून घ्या. शौचातला हा जिवाणू शोधायला, लॅबमध्ये तो वाढवून बघण्यासाठी, टीसीबीएस नावाचं वेगळं माध्यम लागतं. सांगितलं नाही तर नेहमीच्या तपासणीत तो बहुधा निसटतो आणि रिपोर्टवर ‘काही आढळलं नाही’ एवढंच छापून येतं.